झाडींतील आरोग्यदूत

गोंदिया जिल्ह्याचा नकाशा पुढें घेऊन त्याच्या दक्षिणेकडील कोपऱ्याकडे पाहिलें, तर अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, गोठणगांवाजवळ, निळ्या रंगाचा एक मोठा ठिपका दिसतो. तो इटियाडोहाचा जलाशय. गाढवी नदीवरचें हें मातीचें धरण १९७० सालीं पुरें झालें. त्या वेळीं गोंदिया हा निराळा जिल्हा नव्हता. हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे, आणि तो वेगळा झाला १९९९ सालच्या १ मे रोजीं. पाणी मात्र जिल्ह्यांच्या सीमा जाणत नाहीं. गाढवी दक्षिणेकडे वाहत जाऊन गडचिरोली जिल्ह्यांत शिरते व अखेर वैनगंगेस मिळते; इटियाडोहाचे कालवेहि अर्जुनीकडील धानाच्या बांध्या भिजवून पुढें गडचिरोलीच्या उत्तरेकडील तालुक्यांत उतरतात.

या प्रदेशास तेथील लोक झाडी किंवा झाडीपट्टी म्हणतात. बोली झाडीबोली, पीक धानाचें, उन्हाळ्यांत मोहाचीं फुलें आणि तेंदूचीं पानें हा गरिबाचा आधार, आणि पावसाळ्यांत नाले भरून वाहूं लागले कीं खेड्याचें बेट होणें ही नेहमींची गोष्ट. पाणी या मुलुखांतून उत्तरेकडून दक्षिणेकडे जातें. परंतु गेल्या चाळीस वर्षांत एक वस्तु उलट दिशेनें, दक्षिणेकडून उत्तरेकडे आली आहे. इतकेंच नव्हे तर ती समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या खेड्यांपर्यंत जाऊन पोहोंचली आहे. ती वस्तु म्हणजे नुकतें जन्मलेलें मूल त्याच्या घरींच कसें जगवावें याची विद्या. एका लहानशा धर्मादाय संस्थेनें ती गडचिरोलीच्या खेड्यांत कशी सिद्ध केली आणि पुढें तिचें काय झालें, हा इतिहास सुशिक्षित शहरी कुटुंबांस फारसा परिचित नाहीं; आणि तो परिचित होण्याजोगा खास आहे.

या इतिहासाचा आरंभ समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९४६ सालीं, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें हिंदुस्थानच्या आरोग्यासंबंधीं आपला अहवाल सादर केला. खेड्यापाड्यांतून प्राथमिक आरोग्यकेंद्रें स्थापावीं, रोग बरा करण्याइतकेंच तो होऊं न देण्यास महत्त्व द्यावें, असा त्याचा रोख होता. केंद्रें पुढें निघालीं. परंतु दवाखाना निघणें निराळें आणि आजाऱ्यानें तेथवर पोहोंचणें निराळें. दवाखाना दिवसां उघडा असतो. मुलास धाप लागते मध्यरात्रीं. दवाखाना रस्त्यावर असतो. मूल नाल्यापलीकडे असतें. दोहोंमधील हें अंतर कोसांत मोजतां येतें, परंतु त्याची खरी मोजणी मृत्यूंच्या संख्येनेंच होते.

हें अंतर कमी करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रांत अगोदरहि झाले होते. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड येथें आपलें कार्य आरंभिलें आणि अल्पशिक्षित, कित्येकदां निरक्षर अशा खेडुत स्त्रियांना आरोग्यसेविका करून दाखविलें. १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प उभा केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें माडिया लोकांसाठीं आपलें आयुष्य वाहिलें. १९७८ सालीं सोव्हिएत देशांतील अल्मा-आटा येथें जगांतील राष्ट्रांची परिषद भरली, आणि इसवी सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य लाभावें असा संकल्प तेथें सोडण्यांत आला. संकल्प मोठा होता. तो सिद्धीस नेण्याचा मार्ग मात्र ज्याचा त्यानेंच शोधावयाचा होता.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला तो १९८२ सालच्या ऑगस्टमध्यें. त्यानंतर चार वर्षांनीं, १९८६ सालीं, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हें तरुण दांपत्य तेथें येऊन राहिलें. अभय बंग यांचें बालपण सेवाग्रामच्या वातावरणांत गेलें. त्यांचे वडील ठाकुरदास बंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस जाण्याची त्यांची तयारी झाली असतां ते गांधीजींचा आशीर्वाद घेण्यास गेले. तेव्हां अर्थशास्त्र शिकावयाचें तर अमेरिकेऐवजीं हिंदुस्थानच्या खेड्यांत जावें, असें गांधीजींनीं त्यांस सुचविलें, आणि ते खरोखरच खेड्यांत गेले. पित्याचा तो अपुरा प्रवास पुत्रानें एका अर्थीं पुरा केला. अभय व राणी या दोघांनीं नागपुरास वैद्यकाचें उच्च शिक्षण संपविलें, राणीबाईंनीं स्त्रीरोगांचा विशेष अभ्यास केला, आणि १९८४ सालीं दोघांनीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याची पदवी मिळविली. तेथें त्यांस डॉ. कार्ल टेलर हे गुरु लाभले. हे हिमालयाच्या पायथ्याशीं वाढलेले मिशनरी घराण्यांतील गृहस्थ. आरोळे दांपत्यहि त्यांच्याच हाताखालीं शिकलें होतें. परत आल्यावर बंग दांपत्यानें मुंबई-पुणें सोडून आपलें ठाणें गडचिरोलीस दिलें, कारण राणीबाईंचें माहेर शेजारींच चंद्रपुरास होतें आणि कामाची गरज तेथेंच सर्वांत अधिक होती. संस्थेचें नांव 'सर्च' असें ठेवण्यांत आलें. इंग्रजींत त्याचा अर्थ शोध. त्यामुळें पुढें चातगांवाजवळ संस्थेची जी वसाहत उभी राहिली, तिला शोधग्राम हें नांव पडलें.

आरंभीं शोधाची दिशा चुकली, आणि ही चूक संस्थेनें कधीं लपविली नाहीं. या भागांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. डॉक्टरांनीं मोठ्या उत्साहानें त्याची पाहणी केली, परंतु लोकांस तिच्यांत रस वाटेना. ज्या रोगावर त्या काळीं खेड्यांत करण्याजोगा इलाज नव्हता, तो आपणांस आहे हें कळून त्यांचा काय लाभ होणार? शास्त्रज्ञाचा प्रश्न आणि लोकांचा प्रश्न हे दोन निराळे असूं शकतात, हा धडा येथें मिळाला. म्हणून पुढें प्रश्न लोकांनाच विचारण्याची रीत पडली.

स्त्रियांना विचारतां जें बाहेर आलें त्यानें वैद्यकजगास धक्का बसला. वसा व अमिर्झा या दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. तींत शेंकडा ९२ स्त्रियांस कांहीं ना कांहीं स्त्रीरोग असल्याचें आढळलें, आणि त्यांपैकीं शेंकडा ८ स्त्रियांचीच पूर्वीं कधीं या दृष्टीनें तपासणी झाली होती. हा निबंध १९८९ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तोंवर सरकारी आरोग्ययोजनांच्या दृष्टीनें खेड्यांतील स्त्री म्हणजे गर्भवती स्त्री किंवा कुटुंबनियोजनाची पात्र स्त्री, इतकाच तिचा हिशेब होता. तिला स्वतःचें शरीर आहे आणि तें दुखतें, ही साधी गोष्ट आंकड्यांनीं सिद्ध करावी लागली.

दवाखाना कसा असावा हेंहि लोकांनाच विचारण्यांत आलें. मोठ्या इस्पितळांत आदिवासींस भय वाटे. तेथील माणसें पांढरीं वस्त्रें घालतात, आणि पांढरें वस्त्र तर प्रेतावर घालावयाचें. आजाऱ्यास एकट्यास आंत नेतात आणि नातलगांस बाहेर काढतात. म्हणून शोधग्रामांतील दवाखाना आदिवासी खेड्याच्या धर्तीवर, झोंपड्याझोंपड्यांचा बांधला गेला. नातलगांस तेथें आजाऱ्याजवळ राहतां येऊं लागलें. आणि त्यास नांव मिळालें तें या लोकांची देवी दंतेश्वरी हिचें. देवीच्या नांवाच्या दवाखान्यांत जाण्यास भीति कसली?

तरीहि मुलें मरतच होतीं. एका पावसाळी रात्रीं डॉक्टरांच्या दारीं आलेलें एक अशक्त तान्हें मूल त्यांच्या डोळ्यांदेखत गेलें. तें कां गेलें याचा विचार करूं लागतां अभय बंग यांच्या यादींत अठरा कारणें जमा झालीं: आईची उपासमार, तिचा गरोदरपणांतील हिवताप, घरचें दारिद्र्य, दारू, अज्ञान, उपचारास झालेला उशीर, नदीवर पूल नसणें, अशीं एकाहून एक बिकट. हीं अठराहि कारणें नाहींशीं होईपर्यंत मुलांनीं मरतच राहावें काय? साखळींतील प्रत्येक कडी तोडण्याची गरज नसते. एक कडी तुटली तरी साखळी तुटते. कोणती कडी खेड्यांतल्या खेड्यांत तोडतां येईल, हा खरा शोध होता.

पहिली कडी न्यूमोनियाची. मुलांच्या मृत्यूंचें तें एक फार मोठें कारण होतें. लहान मुलाच्या श्वासांची गति ठराविक मर्यादेपलीकडे गेली, तर न्यूमोनिया समजून वेळीच औषध द्यावें, हा नियम साधा आहे. परंतु गांवची सुईण बारापर्यंतच मोजणारी. तिनें मिनिटांतील पन्नास श्वास कसे मोजावे? कोणी म्हणालें असतें कीं सुईण या कामास अपात्र आहे. येथें उलट साधनच सुईणीस पात्र करण्यांत आलें. मणी ओंवलेल्या पाटीसारखें एक श्वासमोजणी यंत्र तयार झालें, आणि जोडीला एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबड्या मण्याची पाळी आली तर मूल आजारी. बारापर्यंतची मोजणी या कामास पुरून उरली.

या उपायाची परीक्षा ५८ गांवांत झाली, आणि तुलनेसाठीं ४४ गांवें निराळीं ठेवण्यांत आलीं. आरोग्यसेवक, गांवचे आरोग्यदूत आणि सुइणी यांनीं उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा एकाहूनहि कमी राहिलें. तुलनेच्या गांवांत तें शेंकडा साडेतेरा होतें. हा निबंध १९९० सालीं प्रसिद्ध झाला.

दुसरी कडी याहून कठीण होती. जन्मापासूनच्या पहिल्या २८ दिवसांत मरणाऱ्या मुलांना वांचविणें हें इस्पितळाचेंच काम, अशी वैद्यकाची दृढ समजूत होती. गडचिरोलीच्या खेड्यांत तर बहुतेक बाळंतपणें घरीं होत. बाळंतिणीची खोली अंधारी, दार बंद, आणि तिच्यांत परक्यास प्रवेश नाहीं. आजारी तान्ह्यास बाहेर काढण्याची चाल नव्हती. मग उपचारानेंच आंत जावें, हा एकच मार्ग उरला. त्यासाठीं गांवांतील पांच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांस शिक्षण देण्यांत आलें. त्यांच्या पिशवींत थर्मामीटर, वजनाचा कांटा, मुलास ऊब देणारी पिशवी, श्वास न घेणाऱ्या अर्भकास वारा देण्याचें साधन आणि जंतुदोषावरील औषध एवढें साहित्य असे. बाळंतपणाच्या वेळीं सुइणीशेजारीं हजर राहावें, पुढें ठराविक दिवशीं घरीं जाऊन मूल तपासावें, त्याचें वजन करावें, आईस दूध पाजण्याची रीत दाखवावी, आणि धोक्याचीं लक्षणें दिसतांच आईबापांची संमति घेऊन औषध, प्रसंगीं इंजेक्शनहि, द्यावें, असें हें काम.

इंजेक्शन हा शब्द ऐकून शहरांतील अनेक जाणते डॉक्टर दचकले. सातवी शिकलेल्या बाईनें अर्भकास सुई टोंचावी? त्यांची शंका अगदीं अनाठायीं नव्हती. चुकीच्या हातीं सुई पडली तर अनर्थ होतो. उत्तर शब्दांनीं देण्यासारखें नव्हतेंच. तें मोजणीनें द्यावें लागलें.

३९ गांवांत ही योजना चालली आणि ४७ गांवें तुलनेसाठीं राहिलीं. त्या गांवांत नेहमींची सरकारी सेवा चालू होती. जन्म आणि मृत्यु यांची नोंद संस्थेनें दोन्हीकडे स्वतंत्रपणें ठेवली. योजनेच्या गांवांत आरंभीं जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं ६२ मुलें पहिल्या २८ दिवसांत मरत. तिसऱ्या वर्षीं, म्हणजे १९९७-९८ सालीं, हा आंकडा साडेपंचविसावर आला. तुलनेच्या गांवांत तो ५८ होता, तो साठाच्या आसपासच राहिला. जंतुदोष झालेल्या अर्भकांत पूर्वीं शेंकडा साडेसोळांहून अधिक दगावत; आरोग्यदूतांच्या उपचारानें हें प्रमाण शेंकडा तिनाच्या आंत आलें. शाळेंतील त्रैराशिक ज्याला येतें त्यास या आंकड्यांचा अर्थ लगेच कळेल: हजार बाळंतपणांमागें छत्तीस पाळणे रिते व्हावयाचे ते हलते राहिले. १९९९ सालच्या डिसेंबरांत हा निबंध 'लॅन्सेट'मध्यें छापून आला.

संस्थेनें केवळ औषधांनीं रोग जिंकले असें मानलें नाहीं. दारूविरुद्ध गडचिरोलींत जें आंदोलन उठलें, त्यांत तिचा मोठा वांटा होता. १९९३ सालीं सरकारनें जिल्ह्यांत दारूबंदी लागू केली. २००१ सालीं महाराष्ट्रांतील अनेक संस्थांनीं एकत्र येऊन बालमृत्यूंची मोजणी केली, आणि 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी दप्तरांत नोंदले जातात त्याहून कितीतरी अधिक मुलें मरतात, हें त्या अहवालानें उघड केलें. मृत मुलाची नोंदच झाली नाहीं, तर त्याचा मृत्यु टाळण्याची चिंता कोण करणार?

यानंतर विद्येचा प्रवास सुरू झाला. २००५ सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान काढलें आणि साधारणपणें हजार वस्तीमागें एक 'आशा' कार्यकर्ती नेमण्याचें ठरविलें. २०११ सालीं घरोघरीं नवजात बालकांची काळजी घेण्याची योजना देशभर लागू झाली. इस्पितळांत जन्मलेल्या मुलास सहा भेटी व घरीं जन्मलेल्यास सात, असा क्रम ठरला. शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशीं. अशा रीतीनें गडचिरोलीची रीत उत्तरेकडे चढत गोंदियास, अर्जुनी-मोरगांवास आणि इटियाडोहाच्या कांठच्या वस्त्यांपर्यंत आली. दरम्यान २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं संयुक्त निवेदन काढून, नवजात मुलांच्या घरभेटींची शिफारस साऱ्या जगास केली.

आफ्रिकेंत या शिफारशीचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे, कारण त्या खंडांतील खेड्यांची स्थिति झाडीहून फार निराळी नाहीं. तेथेंहि नद्या भरतात, तेथेंहि दवाखाना दूर असतो. घाना देशांत घरभेटींची जी मोठी परीक्षा झाली, तिचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. तेथें मातांच्या संवयी सुधारल्या, परंतु मृत्यूंत पडलेला फरक अगदीं थोडा, शेंकडा आठाच्या घरांत, आणि गणितशास्त्राच्या कसोटीस न उतरणारा असा होता. तेथील स्वयंसेवक धोक्याचीं लक्षणें पाहून मुलास दवाखान्यांत धाडीत. स्वतः औषध देत नसत. इथिओपियानें निराळी वाट धरली. त्या देशानें २००३ सालापासून खेड्याखेड्यांत पगारी आरोग्यसेविका नेमल्या होत्या. २०१३ सालापासून जंतुदोष झालेल्या नवजात मुलास, इस्पितळांत नेणें शक्य नसेल तेव्हां, इंजेक्शन देण्याचें कामहि त्यांच्याकडे सोंपविण्यांत आलें. भारताच्या योजनेंत मात्र आशांच्या पिशवींतून सुई वगळली गेली. जी गोष्ट गडचिरोलींत सिद्ध झाली, ती इथिओपियाच्या खेड्यांत स्त्रियांच्या हातीं आली आणि गडचिरोलीच्या शेजारीं आली नाहीं, हा इतिहासाचा एक विलक्षण खेळ म्हटला पाहिजे.

यावरून कोणास दोष देणें योग्य होणार नाहीं. ३९ गांवांत डोळ्यांत तेल घालून चालविलेली योजना लाखों गांवांत चालवावयाची म्हटली म्हणजे देखरेख विरळ होते, औषधांचा पुरवठा अडतो, शिक्षणाचे दिवस कमी पडतात. परिस्थितीहि पालटली आहे. आतां बहुतेक बाळंतपणें दवाखान्यांत होतात, आणि २०२० सालच्या नमुना नोंदणीप्रमाणें महाराष्ट्रांत नवजात मृत्यूचें प्रमाण हजारीं ११ पर्यंत उतरलें होतें. हें यश अनेकांचें आहे. रस्ते, पूल, शाळा, दवाखाने या सर्वांचा त्यांत हिस्सा आहे. परंतु दवाखान्यांत बाळंत झालेली स्त्री दोन-तीन दिवसांत घरीं परतते, आणि मुलाचे उरलेले धोक्याचे दिवस घरींच जातात. त्या दिवसांत दाराशीं कोण येतें हा प्रश्न तसाच उरतो.

दाराशीं येते ती आशा. योजना निघाली तेव्हां एका मुलाच्या साऱ्या भेटी पुऱ्या केल्यावर तिला २५० रुपये मिळत. तिला पगार नाहीं. कामागणिक मोबदला आणि मानधन. २०२३ सालीं महाराष्ट्रांतील आशांनीं मानधनवाढीसाठीं संप केला, तेव्हां शहरांतील पुष्कळांस त्यांचें अस्तित्व प्रथमच जाणवलें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांस २००३ सालीं महाराष्ट्रभूषण आणि २०१८ सालीं पद्मश्री हे मान मिळाले, आणि ते सर्वथा योग्य होते. परंतु ज्या बाईनें रात्रीं कंदील घेऊन बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलींत प्रवेश केला आणि निळें पडलेलें अर्भक रडतें केलें, तिचें नांव कोणत्याहि नियतकालिकांत छापलें गेलें नाहीं. सिद्धांत डॉक्टरांनीं मांडला. तो खरा ठरला तो तिच्या हातानें.

श्रावणांत इटियाडोहाचा जलाशय भरतो, सांडव्यावरून पाणी पडूं लागतें आणि धानाच्या बांध्यांत रोवणीची घाई उडते. त्याच दिवसांत काठावरच्या एखाद्या खेड्यांतील आशा चिखल तुडवीत, वजनकांटा खांद्यावरच्या पिशवींत घेऊन, सातव्या दिवसाच्या भेटीस निघालेली असते. मुलाचें वजन भरलें तर ती वहींत आंकडा लिहिते आणि पुढच्या घराकडे वळते. गडचिरोलींत ज्या इतिहासाचा आरंभ झाला, त्याचें पुढचें पान त्या वहींत लिहिलें जात आहे.